वाचता येते, पण वाचन येते का?

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. माझीच जुनी विद्यार्थिनी. दहावी माझ्या हाताखालून झालेली, पुढे बारावी करून त्या जूनमध्ये बी.ए.च्या वर्गात गेलेली. सोलापूरच्या पूर्व भागात तिचे घर. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत कानडी आणि उर्दू, शाळेत मराठी, असे तिचे बालपण गेले. कॉलेजची पायरी चढलेली त्या घरातली ती पहिलीच.

दिवाळीत माणूस येतो तो फराळाचा डबा घेऊन. हिच्या हातात अर्थशास्त्राचे जाडजूड इंग्रजी पुस्तक होते.

"सर, एक पान तीन तीन वेळा वाचते. एक शब्द सोडत नाही. पण पान उलटले की मागचे काही राहत नाही. मला वाचताच येत नाही का हो?"

मी गप्प झालो. या मुलीला माझ्या विषयात शंभरपैकी ८८ गुण होते. ते कसे मिळाले हे तिला ठाऊक होते आणि मलाही. मी फळ्यावर उत्तरे लिहीत असे, ती मुले उतरवून घेत, पाठ करीत आणि परीक्षेत परत लिहून देत. तीन वर्षांत मी त्या मुलांना एकदाही असे म्हटले नव्हते, की हे पान वाचा, पुस्तक मिटा आणि काय वाचलेत ते मला सांगा. तिला वाचता येत होते. वाचन मात्र आले नव्हते, आणि त्या उणिवेत माझा वाटा मोठा होता.

त्यात मी पडलो मॅट्रिक. कॉलेजच्या बाकावर मी कधी बसलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून अर्थशास्त्र कळते असे नाही. "बाळ, भाऊबीज झाली की ये," असे म्हणून मी तिला वाटेला लावले आणि कपाटातली जुनी चरित्रे, आत्मचरित्रे काढून बसलो. मनात प्रश्न एकच होता. आपल्या महाराष्ट्रात कॉलेजचा अभ्यास करणारी जी पहिली माणसे, ती वाचायला शिकली तरी कशी? त्यांच्याही घरात कोणी पदवीधर नव्हते. त्यांच्याही पुढे परक्या भाषेतले जाडजूड पुस्तक होते. त्या चार दिवसांत जे हाती लागले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

*

प्रथम हे ध्यानात घ्यायला हवे, की मनातल्या मनात, भरभर, पानामागून पान वाचणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही.

पंतोजींच्या शाळेतले मूल धुळपाटीवर अक्षर गिरवीत असे आणि संध्याकाळी खड्या आवाजात परवचा म्हणत असे. पोथी वाचायची ती मोठ्याने, आणि बहुधा ऐकणाऱ्यांसाठी. दफ्तरातला कागद मोडीत असे. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे सोडीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. असा कागद डोळ्याने वाचता येत नाही. तो जिभेने वाचावा लागतो. उच्चार करीत गेले म्हणजे कानाला कळते, की शब्द इथे संपला, वाक्य तिथे संपले.

ही काही एकट्या आपलीच रीत नव्हे. जुन्या रोमन पोथ्यांतही शब्द सलग लिहिलेले असत. चौथ्या शतकातले बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचीत, याचे संत ऑगस्टीनला इतके नवल वाटले, की त्याने ते आपल्या आत्मकथेत नोंदवून ठेवले. पुढे सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडमधल्या मठवासी लेखकांनी शब्दाशब्दांत जागा सोडायला सुरुवात केली. परक्या लॅटिन भाषेतले शब्द त्यांना सुटे सुटे दिसायला हवे होते. डोळ्याने वाचण्याची वाट त्यातून मोकळी झाली. परक्या भाषेची अडचण हीच नव्या युक्तीची आई ठरली, हे माझ्या विद्यार्थिनीला सांगण्यासारखे होते. मी ते टिपून ठेवले.

मराठीत हे काम छापखान्याने केले. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले. त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी असे. आणि १८५० मध्ये मेजर कँडी यांनी विरामचिन्हांवर मराठीत एक लहानसे पुस्तक काढले. आज शाळेतले पोर कंटाळत जे स्वल्पविराम घालते, ते त्या काळी नवलाईचे होते. विरामचिन्ह म्हणजे वाचणाऱ्याला लेखकाने दिलेला हात: इथे थांब, इथे वळ, इथे मी विचारतो आहे. हा हात मिळाल्यावर माणूस एकट्याने, मनात, लांबचा मजकूर वाचू लागला.

त्याच सुमारास गावोगाव वाचनालये निघाली. रत्नागिरीचे १८२८ सालचे, नगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि आमच्या सोलापूरचे १८५३ चे. हेच आजचे हिराचंद नेमचंद वाचनालय. विचार करा, तेव्हा सोलापुरात गिरणी नव्हती; पहिली कापडगिरणी त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १८७७ मध्ये, उभी राहिली. म्हणजे या गावात भोंगा वाजू लागण्याच्या आधी वाचनालयाचे दार उघडले होते. चादरीचा अभिमान आपण सांगतो, तो सांगावाच. पण हाही सांगायला हरकत नाही.

*

१८५७ च्या जुलैत मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. सगळा अभ्यास इंग्रजीत. घरी ओव्या आणि आरत्या, आणि कॉलेजात इंग्लंडचा इतिहास नि तर्कशास्त्र. आज माझ्या विद्यार्थिनीच्या घरात आणि वर्गात जितके अंतर आहे, त्याहून ते कमी नसावे.

रानडे यांनी विद्यार्थिदशेत इतके वाचले, की डोळे बिघडले ते जन्मभर अधूच राहिले. चरित्रे ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र तिच्यातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटला. डोळे अधू झाल्यावर रानड्यांना दुसऱ्याच्या तोंडून वाचून घ्यावे लागे, आणि तरी त्यांचे वाचन थांबले नाही. म्हणजे त्यांचे वाचन डोळ्यांत नव्हतेच. ते मनाच्या पकडीत होते. ऐकतानाही काय धरायचे आणि काय सोडायचे हे त्यांना कळत होते.

आणि वाचून दाखविणारी कोण? पुष्कळदा त्यांची पत्नी. रमाबाई १८७३ साली, अकराव्या वर्षी, लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकवायला घेतले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी बोलणी ऐकवायला घेतली. दिवसा घरकाम आणि टोमणे, रात्री धडा. पुढे त्या इंग्रजीही शिकल्या आणि रानड्यांना वर्तमानपत्रे वाचून दाखवू लागल्या. त्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली प्रसिद्ध झाल्या. ते पुस्तक आपण एका थोर पुरुषाचे चरित्र म्हणून वाचतो. या वेळी मी ते एका बाईच्या अभ्यासाची हकीकत म्हणून वाचले. एक गोष्ट लक्षात आली. ज्याला वाचून दाखवायचे तो समोर बसून ऐकतो, अडवतो, विचारतो. त्यामुळे वाचणाऱ्याला अर्थ लावल्यावाचून गत्यंतर नसते. ऐकणारा जागा असला, की वाचणाऱ्याला झोपता येत नाही.

अशीच गोष्ट महर्षी कर्व्यांची. कोकणातल्या मुरूड गावी सोमण नावाच्या गुरुजींनी वर्तमानपत्रे आणविण्याची व्यवस्था केली होती, आणि दुर्गादेवीच्या देवळात ती गावकऱ्यांना वाचून दाखविण्याचे काम लहानग्या धोंडूकडे आले. मूल काय वाचीत होते? परगावच्या बातम्या, सरकारी कारभार, परक्या मुलखातल्या लढाया. देवळात बसलेल्या शेतकऱ्याला ते समजेल अशा रीतीने वाचायचे, तर आधी स्वतःला समजायला हवे. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारे आणि १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढून त्यात मराठीतून शिक्षण देणारे कर्वे त्या देवळात घडू लागले, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. समजल्यावाचून शिकणे म्हणजे ओझे वाहणे, हे त्यांनी लहानपणीच ओळखले असावे.

पण सगळेच काही रानडे-कर्वे नव्हते. परीक्षा इंग्रजीत आणि नोकरी परीक्षेवर, त्यामुळे बहुतेक मुलांनी जवळची वाट धरली. पुस्तकाऐवजी पुस्तकाची 'की' वाचायची आणि तीच पाठ करायची. १९०२ साली सरकारने विद्यापीठांची चौकशी करायला कमिशन नेमले. शिक्षण परीक्षेच्या मागे फरफटत चालले आहे आणि घोकंपट्टी बोकाळली आहे, अशी तक्रार त्याने केली. त्या तक्रारीला सव्वाशे वर्षे होत आली. 'की' जाऊन 'गाइड' आले, गाइड जाऊन मोबाइलवरच्या तयार नोट्स आल्या. फळ्यावर उत्तरे लिहिणारे माझ्यासारखे मास्तर मात्र मधल्या सगळ्या काळात होतेच.

घोकंपट्टीला शिव्या देताना पाठांतराला शिवी देऊ नये, हेही इथे सांगतो. आपल्या जुन्या अभ्यासात पाठांतर ही पहिली पायरी होती, शेवटची नव्हती. श्रवण, मनन, निदिध्यास असा तो क्रम. ऐकावे, मग मनात घोळवावे, मग ते आपले होईपर्यंत त्याचा ध्यास घ्यावा. आम्ही श्रवणावर थांबलो आणि बाकीच्या दोन पायऱ्या विसरलो. दोष पायरीचा नाही. तिच्यावरच बसून राहणाऱ्याचा आहे.

*

इथवर वाचून मला वाटले, की सांगायचे ते सापडले. प्रश्न विचारीत वाचावे, दुसऱ्याला सांगावे, झाले! पण पुढचे चरित्र डॉक्टर आंबेडकरांचे होते, आणि त्याने माझे समाधान मोडले.

१९०४ च्या सुमारास आंबेडकरांचे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहायला आले. एकच खोली. तीच स्वयंपाकाची, तीच निजण्याची आणि तीच अभ्यासाची. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, त्यावर तोड काढली. मुलाने लवकर निजावे, रात्री दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवावे आणि चाळ झोपेत असताना त्याने दिव्याशी बसून वाचावे. जागा मिळत नव्हती म्हणून त्यांनी वेळेतून जागा काढली. दिवसा वाचायला मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाची नजर त्याच्यावर गेली. त्यांनी चौकशी केली, पुस्तके दिली. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तेव्हा केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकून त्याच्या कॉलेजच्या शिक्षणाची सोय लावली.

१९१३ साली हाच मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. नंतर लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्याने किती तास बसून काढले याच्या कथा सर्वांना ठाऊक आहेत. त्या सांगताना आपण बुद्धीचे आणि चिकाटीचे गुणगान करतो. पण बुद्धी तर परळच्या खोलीतही होती. कमी होती ती बसायला जागा, दिवा, पुस्तक आणि विचारपूस करणारा एक माणूस. हे आंबेडकर स्वतः कधी विसरले नाहीत, याचा पुरावा आमच्या सोलापुरातच आहे.

१९२४ साली त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने पहिल्यावहिल्या कामांपैकी एक कोणते केले? ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात अस्पृश्य समाजातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. जेवण, कपडे, वह्या-पेन्सिली यांचा भार सभेने उचलला. सोलापूर नगरपालिकेने चाळीस रुपये मदत दिली. सभेच्या विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही त्या काळात निघत असे, आणि मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालविले. मासिक आणि वाचनालय ही चैनीची कामे नव्हती. वाचलेले आपल्या शब्दांत लिहून काढले म्हणजेच ते आपले होते, हे त्या मुलांना कळत होते किंवा कळविले जात होते. पुढे १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादचे कॉलेज निघाले, त्यांच्या मुळाशी हाच विचार होता.

तीच दृष्टी कोल्हापुरात शाहू महाराजांची; १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. तीच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांची. त्यांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज काढून 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर शेतकऱ्यांच्या मुलांना पदवीपर्यंत नेले. वाचनाची कला शिकविण्याआधी वाचणाऱ्याला बसायला घोंगडे द्यावे लागते, हे या तिघांनीही ओळखले होते.

खुद्द सोलापुरात कॉलेज यायला १९४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी दयानंद कॉलेज सुरू झाले. तोपर्यंत इथला मॅट्रिक झालेला मुलगा पुण्याची गाडी धरी, आणि ज्याला गाडीभाडे परवडत नसे तो गिरणीचा रस्ता धरी. १९५३ साली संगमेश्वर कॉलेज आले आणि २००४ साली गावाला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. आज घरापासून चालत जावे इतक्या अंतरावर कॉलेज आहे. गाडीभाड्याचा प्रश्न सुटला, पुस्तकाच्या पानाचा सुटायचा राहिला.

परक्या भाषेचे भय ज्याला वाटते, त्याने आमच्याच गावच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीसांना आठवावे. १९१० साली ते सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. आपण त्यांची शुश्रूषा आठवतो, त्याग आठवतो. पण तिथे त्यांना चिनी भाषा शिकावी लागली, आणि ती इतकी शिकले की विद्यार्थ्यांना ते शस्त्रक्रियेचा विषय चिनीतून शिकवू लागले. त्या भाषेत पाठ्यपुस्तकही लिहू लागले. १९४२ च्या डिसेंबरात ते वारले तेव्हा वय अवघे बत्तीस. ज्याला शिकवायचे आहे तो शिकतो. दुसऱ्याला समजावून द्यायचे ठरविले, की परकी भाषाही दार उघडते.

*

भाऊबीज झाली आणि मुलगी आली. मी तिला हे सारे सांगितले. तिने चहा निववून ऐकले. मग आम्ही ते अर्थशास्त्राचे पुस्तक पुढे घेतले. मला विषय येत नव्हता, हे फार बरे झाले. येत असता तर मी सवयीप्रमाणे उत्तर सांगून मोकळा झालो असतो.

आम्ही ठरविलेली रीत अशी. धडा वाचण्याआधी तो नुसता चाळायचा: मथळे, पोटमथळे, शेवटचा परिच्छेद. बाजारात शिरण्यापूर्वी कोणती गल्ली कुठे जाते हे पाहून घ्यावे, तसे. मग प्रत्येक मथळ्याचा प्रश्न करून वहीत मराठीत लिहायचा. मथळा 'मागणीचा नियम' असेल, तर प्रश्न: 'भाव वाढला की मागणी कमी का होते?' मग त्या प्रश्नाचे उत्तर शोधीत तेवढाच भाग वाचायचा. अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी कोश उघडायचा नाही. ज्याच्यावाचून वाक्यच अडते त्याच शब्दाला थांबायचे. मग पुस्तक मिटायचे आणि उत्तर मोठ्याने, आपल्या भाषेत सांगायचे. सांगता आले नाही तर पुन्हा तेवढाच भाग. आणि दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, पुस्तक न उघडता वहीतले नुसते प्रश्न पाहून उत्तरे आठवायची.

ही रीत माझी नव्हे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन या प्राध्यापकाने १९४६ साली अभ्यासावर जे पुस्तक लिहिले, त्यात हीच पाच पावले सांगितली आहेत: चाळणे, विचारणे, वाचणे, सांगणे, उजळणी. त्याच देशात २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांनी उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग पुस्तकावाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पान तीन तीन वेळा वाचूनही काही राहत नाही, या तक्रारीचे उत्तर त्यात आहे. पुनःपुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचा चेहरा म्हणजे आपला माणूस असे आपण समजतो. नाव विचारले की मग पंचाईत.

पण हे वाचताना मला परदेशातल्या प्रयोगशाळेपेक्षा मुरूडचे देऊळ आठवले, आणि रानड्यांच्या घरातला तो दिवा. चाळणे-विचारणे-सांगणे या गोष्टी नव्या नाहीत. श्रवणाच्या पुढचे जे मनन, तेच हे.

"पण सर," मुलगी म्हणाली, "सांगू कुणाला? घरात एकच खोली. माग सुरू असतो. आणि ऐकायला आहे कोण?"

परळच्या चाळीची गोष्ट मी तिला नुकतीच सांगितली होती. तिने ती माझ्यापुढेच ठेवली. मी म्हटले, "अम्मा आहे ना?"

"अम्माला लिहिता-वाचता येत नाही."

"देवळात बसलेल्या त्या शेतकऱ्यांना तरी कुठे येत होते?"

ती हसली आणि गेली. पुढे काही महिने गाठ पडली नाही. उन्हाळ्यात एकदा मीच तिच्या घरी गेलो. दुपारची वेळ. अम्मा दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली. कातरीने पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. हात क्षणभर थांबत नव्हते. शेजारी मुलगी पुस्तक मिटून, बोट खुणेला ठेवून, तेलुगूत काहीतरी समजावून सांगत होती. मला तेलुगू फार येत नाही, पण 'भाव' आणि 'मजुरी' हे शब्द ओळखले. अम्मा विडीवरची नजर न काढता मधूनच एकच शब्द टाकी: "अंटे?"

अंटे म्हणजे 'म्हणजे?'

मुलगी थांबे, डोके खाजवी, पुस्तक उघडून पाही आणि पुन्हा वेगळ्या शब्दांत सांगू लागे. एका ठिकाणी तिला सांगताच येईना. अम्माने हात थांबवले, वर पाहिले आणि विडीच्या मजुरीचे काहीतरी उदाहरण दिले. मुलीने चमकून वही ओढली आणि ते लिहून घेतले.

परीक्षेत काय झाले असे वाचक विचारतील, म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी तिला ५४ गुण मिळाले. दहावीच्या ८८ च्या मानाने फारच कमी. ती ते सांगायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खेद नव्हता. "सर, हे सगळे मला येते," ती म्हणाली. त्या ८८ पैकी किती आपले होते, हे तिने मला विचारले नाही, ही तिची मर्यादा.

या जूनपासून मी फळ्यावर उत्तरे लिहिणे बंद केले आहे. आता पोरे एक परिच्छेद वाचतात, पुस्तक मिटतात आणि शेजाऱ्याला सांगतात. वर्गात गोंगाट होतो, मुख्याध्यापक दारातून डोकावून जातात. अभ्यासक्रम मागे पडतो, हेही खरे. पण सांगता सांगता एखादे पोर अडखळले, की शेजारचे आता आपणहून विचारू लागले आहे: "म्हणजे?"